आतला स्क्रू

पऱ्हाटीची पहिली बोंडं फुटायला लागली की माझ्या वर्गातले बाक रिकामे होत जातात. वेचणीला घरोघरी माणसं कमी पडतात. चौथी-पाचवीतल्या मुलींची बोटं बारीक, कापूस झटकन निघतो, असं त्यांच्या आया मला येऊन सांगतात, जणू मी मुलींना त्यासाठीच शिकवते. मी चिडते, हजेरीत लाल खुणा करते, आणि उरलेल्या अकरा पोरांना घेऊन बसते. खिडकीतून दिसणारी ज्वारी छातीच्या वर गेलेली असते. तरोट्याच्या शेंगा वाळून वाजायला लागतात. पावसात चिखल झालेली पांदण वरून कडक झालेली असते, पाय दिला की आतून अजून ओली लागते. डोंगराकडच्या वाटांवरचे दगड सगळे धुऊन उघडे पडलेले असतात.

बाजारहत्नूरच्या या शाळेत मला पाच वर्षं झाली. सगळे या दिवसांना सुगीचे दिवस म्हणतात. मला हे दिवस आवडत नाहीत. एकेकाळी मी याच दिवसांची वाट पाहिली आहे, म्हणून जास्तच आवडत नाहीत.

सात वर्षांपूर्वी मी बी.एड. करून घरी बसले होते. घर आदिलाबाद जिल्ह्यातच, तलमडुगूकडच्या एका गावात. वडील मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून होते, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठा मिलिंददादा. दादा आदिलाबादला एका गॅरेजात मेकॅनिक होता. पाऊस सरला की हैदराबादची काही मंडळी उंच, किडकिडीत, रुंद हँडलच्या मोटारसायकली ट्रॉलीवर घालून आमच्या भागात यायची. या गाड्या डांबरी रस्त्याच्या नव्हेत. दगड, नाले, बैलगाडीची चाकोरी, जंगलातली पायवाट, अशा जागी चालवायच्या. त्यांची दुरुस्ती करता करता दादाला नाद लागला. त्यांच्यातल्या एकानं नवी गाडी घेतली तेव्हा त्याची जुनी दादानं घेतली. तांबडी होती. पेट्रोलच्या टाकीवर ओरखडे होते आणि सीट इतकी उंच की उभी गाडी धरायला मला एका बाजूनं दगडावर पाय टेकवावा लागायचा.

चालवायला मला दादानंच शिकवलं. हे मी कधी नाकारलेलं नाही. वडील गेल्यावर घरात फार शांतता झाली होती, आणि मी दिवसभर नोकरीच्या जाहिराती वाचत बसायचे. एका रविवारी तो म्हणाला, "सुजा, चाल. बसून बसून भाजी होऊन राह्यली तू."

आई दारात आली. "काऊन रे, पोरीले कुठं घेऊन चालला?"

"गाडी शिकवतो."

"त्या घोड्यावर? पडन ते."

"मी आहो ना," दादा म्हणाला.

गावामागून एक पांदण निघते, ती पऱ्हाटीच्या दोन वावरांमधून नाल्यापर्यंत जाते आणि पलीकडे सागाच्या जंगलात शिरते. मी तिथंच शिकले. सागाची पानं खांद्यावर फाडफाड आपटायची. लांब कुठल्यातरी गुड्यात, आदिवासी पाड्यात, दंडारी नाचाच्या ढोलांचा सराव चाललेला असायचा. इंजिन बंद केलं की तो आवाज आधी छातीत कळायचा, मग कानात.

पहिल्याच दिवशी नाल्यातल्या गोट्यावर पुढचं चाक तिरपं आपटलं आणि हँडल माझ्या हातातून असं फिरलं, जणू कुणी हिसकावून घेतलं. डावा अंगठा महिनाभर सुजलेला होता. दादानं मग डॅम्पर बसवला. हँडलच्या मधोमध, वरच्या बाजूला बसणारी मुठीएवढी धातूची डबी. आत घट्ट तेल असतं. चाक दगडावर आपटून हँडल गर्रकन फिरायला लागलं, की आतलं तेल ते अडवतं. किती अडवायचं ते आपण ठरवायचं. वर एक मोठं बटण असतं, ते फिरवलं की कट् कट् असे खटके लागतात. जितके खटके आत, तितकं हँडल जड.

"हे बटण तुह्या हाती," दादा म्हणाला. "पन हा बाजूचा बारका स्क्रू दिसून राह्यला ना? त्याले हात नोको लाऊ. तो एकदा बसवला का बसवला."

त्या स्क्रूचं काम काय, तेही त्यानं सांगितलं होतं. अचानक जोराचा झटका बसला तर तेलाला पळायला आत एक वाट असते, ती किती उघडी ठेवायची हे तो स्क्रू ठरवतो. मी मान डोलावली. मला बटणातच मजा वाटत होती.

दादाला हँडल जड लागायचं. तो थोराड, त्याचे दंड भरलेले. "गाडी आपल्या ताब्यात पायजे," असं म्हणून तो बटण बरंच आत ठेवायचा. तेवढ्यात माझी मनगटं भरून यायची आणि नाल्यात सावकाश जाताना तोल सावरायला हँडल वेळेवर वळायचं नाही. म्हणून मी माझं माझं शोधायला लागले. पांदणीच्या टोकापासून नाला ओलांडून सागापर्यंत जायचं आणि यायचं. मग एक खटका सैल करायचा आणि पुन्हा तोच फेरा. दादा नाल्याकाठच्या दगडावर बसून मोबाइलवर वेळ बघायचा. फार सैल केलं की वाळूत हँडल थरथरायचं. तिथं मी दोनदा लोळले. पूर्ण सैल करून मोजत मोजत आत येताना सहाव्या खटक्यावर एका संध्याकाळी सगळं जुळलं. गोट्यांवरून जाताना हात नुसते हँडलवर ठेवलेले होते आणि गाडी आपली आपण चालली होती. मी काठावर आले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

"किती लागली?" मी विचारलं.

दादा मोबाइलकडे बघत राहिला. "बरी लागली," म्हणाला. त्यानं आकडा सांगितला नाही. त्याच्याहून कमी वेळ लागला होता, हे मला त्याच्या न सांगण्यातून कळलं, आणि त्या वेळी मला फक्त आनंद झाला. मी घरी जाऊन लाल नेलपॉलिशनं त्या खटक्यावर एक ठिपका दिला.

आपण जिंकतोय याचा आनंद होताना समोरच्याचा चेहरा बघावा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांची होते. भावाचा चेहरा वाचायची गरज असते, असंच मला वाटत नव्हतं.

हैदराबादच्या मंडळींचे पुढारी होते किरण सर. पन्नाशीचे, मितभाषी, उन्हानं रापलेले. दसरा होऊन आई दीक्षाभूमीवरून परतली, त्याच आठवड्यात ते वाटा बघायला आले. दोन दिवसांची सफर ठरली होती, दहा-बारा गाड्या, आणि वाटा ठाऊक असलेला एकजण पुढे हवा होता. दादानं मोठ्या कौतुकानं मला चालवायला लावलं. "सर, मेरी बहन को देखो." मी नाल्यात उतरले, पलीकडे गेले, जंगलातली वळणं घेऊन परत आले.

किरण सरांनी आधी डॅम्परवरचा ठिपका बघितला, मग माझ्याकडे. "ये सेटिंग किसने किया?"

"मैंने," मी म्हटलं.

"हाथ हल्का है तुम्हारा. अच्छा है." मग ते दादाकडे वळून सहज म्हणाले, "मिलिंद, आगे ये चलेगी. तुम जीप में सामान के साथ रहो. ठीक रहा तो हर सीज़न में बुला लेंगे इसको."

गाडी एकच होती. दोघांपैकी एकालाच जाता येणार होतं, आणि दादानं मनातून स्वतःला कधीच नेमून टाकलं होतं, हे मला आज दिसतं. तेव्हा मी घरी येताना त्याला विचारलं, "दादा, तुले राग त नाही आला?"

"मले काऊन राग येईन? जाय ना तू. मी काय नाही म्हनून राह्यलो का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं आदिलाबादहून माझ्यासाठी हातमोजे आणले. माझ्या मापाचे, लहान. असे सहज मिळत नाहीत, त्यानं चार दुकानं पालथी घातली असणार. त्या हातमोज्यांचा अर्थ मला आजही लागत नाही.

सफरीच्या सकाळी मी उठले तेव्हा तो अंगणात गाडीजवळ उकिडवा बसलेला होता, हातात पेचकस. "सगळं कसून देल्लं," म्हणाला. मी सवयीप्रमाणे बटण बघितलं. ठिपका जागेवर. हँडल दोन्हीकडे सावकाश वळवून बघितलं, नेहमीसारखं वळलं. आईनं मला भाकरी बांधून दिली आणि एकदा डोक्यावरून हात फिरवला.

सपाट वाटेवर काही कळलं नाही. ज्वारीच्या वावरांमधून मी सगळ्यांच्या पुढे होते, मागे दहा इंजिनांचा आवाज, आणि मला वाटलं हे दिवस आता दरवर्षी येणार. मग पहिला नाला आला. गोट्यावर चाक आपटलं, मी हँडल सावरायला गेले आणि ते आलंच नाही. चिखलात हात घालून काही ओढावं तसं झालं. मी डाव्या अंगावर पडले. उठले, गाडी उचलली, बटण बघितलं. ठिपका जागेवर होता. मागचे सगळे थांबलेले. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. प्रत्येक दगडाला हँडल माझ्याशी भांडत होतं. चढावर माझे दंड थरथरायला लागले. तिसऱ्यांदा पडले ती एका गुड्याजवळ. तिथल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यांतली एक धावत आली आणि तिनं माझा हात धरला. मी हात झिडकारला. तिची माफी मागायचीही शुद्ध नव्हती मला.

किरण सर येऊन शांतपणे म्हणाले, "आज नहीं हो रहा है. कोई बात नहीं. होता है."

"सर, हँडल भारी लग रहा है."

ते वाकले, बटण बघितलं, हँडल सावकाश इकडे-तिकडे वळवून पाहिलं. सावकाश वळवलं की ते अगदी बरोबर वळायचं. "सेटिंग तो वही है," ते म्हणाले. मग सरळ होऊन, "पहली बार सबके सामने है ना. डर बैठ जाता है हाथ में."

मला ते पटलं. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. हँडल जड आहे हे माझे हात मला सांगत होते, आणि मी हातांवर विश्वास ठेवायचा सोडून एका ठिपक्यावर ठेवला. मी जीपमध्ये जाऊन बसले. दादानं माझ्या अंगावर चादर टाकली, पाणी दिलं, म्हणाला, "जाऊ दे सुजा. सगळ्याइले नाही जमत."

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर दादा बसला. पुढे राहून त्यानं सगळ्यांना व्यवस्थित फिरवून आणलं. त्या वर्षापासून दर हंगामात तेच त्याला बोलावतात.

त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. कितीतरी दिवस आई माझ्या मनगटांना कोमट तेल लावायची. "नाजूक हात हायेत तुहे," म्हणायची. मी तेही मानलं. बादली उचलताना दोन हात लावायला लागले. नोकरीच्या परीक्षेत अर्ध्या पेपरात बोटं थरथरली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, माझे हात तसेच आहेत असं मी धरून चालले होते. एक माणूस एका सकाळी दोन मिनिटांत दुसऱ्याच्या मनात असं काही बसवून जातो, आणि ते काढायला हत्यारच सापडत नाही.

मला कळलं ते तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत. नोकरी लागली होती, सुट्टीला घरी गेले होते. दादाचं लग्न झालं होतं, त्यानं नवी गाडी घेतली होती आणि जुनी तांबडी विकायला काढली होती. एकजण बघायला आला. दादा अंगणात त्याला डॅम्पर समजावून सांगत होता. मी चहा घेऊन बाहेर आले.

"हे मोठं बटण काहीच नाही," दादा सांगत होता. "खरी गंमत या बारक्या स्क्रूत आहे. हा पुरा आत फिरवला ना, त उभ्या गाडीवर समजत नाही, पन दगडात गाडी कोनाच्याच हाती राहत नाही." मग त्यानं माझ्याकडे बघून, खरंच, अगदी मायेनं हसून म्हटलं, "आमच्या बाईसाहेबाले मी असंच थांबवलं होतं. नाही त हातपाय मोडून घेतले असते हिनं."

कप मी खाली ठेवले, पडू दिले नाहीत. तो माणूस फोनवर बोलत बाहेर गेला तेव्हा विचारलं, "काऊन केलं तू असं?"

"अवो, तुह्याच भल्यासाठी. तू पडली असती त आईले काय सांगतलं असतं मी?"

"पडलीच ना मी. तीनदा."

"हळू पडली. जोरानं पडली असती त?"

तो हे मनापासून बोलत होता. चार वर्षं त्यानं स्वतःला हेच सांगितलं असणार. मी त्याच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "आन दुसऱ्या दिवशी? तू सोता बसला तवा स्क्रू मागं फिरवला होता का?"

दादानं खाली बघितलं. गाडीच्या चेनवरून बोट फिरवलं, बोटावरचं काळं तेल फडक्याला पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिला.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "भाऊ हाय तुहा," म्हणाली. "काळजीनं केलं असंन. अन् आता काय त्याचं? नोकरी लागली ना तुले."

तिच्या दृष्टीनं हिशेब मिटला होता. माझ्यापाशी मात्र एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे दादाचं न दिलेलं उत्तर. त्या दिवसापासून तो माझ्याशी एकट्यानं समोरासमोर बोलायचं टाळायचा. फोन जास्त करायला लागला, घरून कायकाय पाठवायला लागला. चार माणसांत माझा आवाज जरा चढला की त्याची नजर पटकन माझ्याकडे यायची. मी कुठं बोलेन, याची त्याला धास्ती होती. खरं सांगायचं तर त्या धास्तीवर मी तीन वर्षं काढली. माझं गेलेलं मला मिळणार नव्हतं, पण त्याच्याजवळही काहीतरी सुटून पडायच्या बेतात आहे, हे बरं वाटायचं. असं बरं वाटणं चांगलं नाही, हे मी मुलांना शिकवते.

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर स्कूटीत पेट्रोल टाकायला पंपावर थांबले. तिथं ट्रॉलीवर लादलेल्या गाड्या आणि भोवती दहा-बारा माणसं. किरण सर ओळखून पुढे आले. केस पांढरे झालेत. शेजारी दादा.

"अरे, सुजाता! कितने साल हो गये. मिलिंद बोला, उस दिन के बाद तुमने डर के मारे छोड़ दिया?"

दादा माझ्याकडे बघत होता, नेहमीच्या त्या नजरेनं. मी ठरवलं नव्हतं. पण तोंडून निघालं. मी सांगितलं सगळं, हिंदीत, सावकाश, वर्गात सांगते तसं. बारका स्क्रू, आत फिरवलेला. सावकाश वळवल्यावर न कळणारा. दुसऱ्या दिवशी परत फिरवलेला. भोवतीची माणसं ऐकत उभी राहिली.

किरण सरांनी दादाकडे बघितलं. मग मोठ्यानं हसले आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "क्या दिमाग लगाया रे! भाई है ना, डर गया होगा बहन के लिए. मैं होता तो मैं भी यही करता." बाकीचेही हसले. एकजण म्हणाला, त्याच्या बहिणीला तर तो स्कूटीसुद्धा देत नाही. कुणाच्याच मनात वाईट काही नव्हतं. त्यांना ती एक गोड गोष्ट वाटली, संध्याकाळी जेवताना पुन्हा सांगावी अशी. दुसऱ्या दिवसाबद्दल कुणी विचारलं नाही.

माणसं गाड्यांकडे पांगली. दादा माझ्याजवळ आला.

"सांगून काय भेटलं तुले?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुह्याकडं पाह्यचं होतं."

"मंग पाय."

मी पाहिलं. तो ताठ उभा होता, खांदे सैल, डोळे माझ्या डोळ्यांत. तीन वर्षांत असा पहिल्यांदा. आता कुठं कळेल, कोण काय म्हणेल, यातलं काहीच उरलं नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे हसले होते. तो मोकळा झाला होता, आणि त्याला मोकळं मीच केलं होतं.